तळाशी बसलेलं औषध

आधी मावशीचं सांगतो, डोळ्याचं नंतर. उलट सांगितलं की ऐकणारा मावशीला दोष देऊन मोकळा होतो. तसं दोनतीनदा झालं आहे, आणि ते मला सहन होत नाही.

ही माझी सख्खी मावशी नव्हे. मालवणच्या खालच्या अंगाला, समुद्राला लागून एक वाडी आहे. तिथे राहणारी, डोक्यावर पाटी घेऊन मासे विकणारी बाई. तिचा नवरा होडीचा मालक, त्यांना मी काका म्हणायचो. त्यांच्या पडवीत मी दोन पावसाळे राहिलो. ना जातीचा, ना गावचा, भाषासुद्धा धड कळत नव्हती मला त्यांची. अशा माणसाच्या डोळ्यात या बाईने दोन महिने औषध घातलं. सुरुवातीला तर दिवसा दर तासाला. घरच्या माणसानेही कंटाळा केला असता. आज माझ्या उजव्या डोळ्याला दिसतं ते तिच्यामुळे. मध्ये आठ दिवस दिसणं जायची वेळ आली, तीही तिच्याचमुळे. पण आधी पहिलं वाक्य लक्षात ठेवा, मग दुसरं.

मी मूळचा नांदेडच्या पलीकडचा. सातवीतून शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. गणिताच्या तासाला पोटात कळ यायची. अक्षर मात्र चांगलं होतं, फळ्यावर सुविचार लिहायला मलाच बोलवायचे. गावातल्या एका पेंटरने ते पाहिलं आणि हाताखाली घेतलं. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या ओळी, निवडणुकीच्या भिंती. नागरी लिहायचो, इंग्रजीही लिहायचो. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण अक्षर पाहून तसंच्या तसं काढता यायचं. पुढे त्याच पेंटरबरोबर कामं करत करत कोकणात आलो. तो परत गेला, मी राहिलो. होड्यांवर नाव आणि नंबर घालायचं काम चांगलं चालायचं. दर पावसाळ्याच्या शेवटी सगळ्यांना एकदमच रंग हवा असतो.

पावसात होड्या पाण्यात नसतात. भरतीच्या रेषेच्या वर ओढून ठेवतात आणि वरून चुडतं घालतात, म्हणजे माडाच्या वाळलेल्या झावळ्या. दोन अडीच महिने त्या भिजत राहतात. श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या आधी, त्या काढायच्या, होडी घासायची, तेलपाणी करायचं, रंगवायची. दोन हजार चार साल असावं. काकांची होडी मी रंगवणार होतो. ते एका बाजूने चुडतं ओढत होते, मी दुसऱ्या बाजूने. चुडतं काळी पडलेली, कुबट वासाची. एक अडकलं म्हणून मी जोर लावला, ते एकदम सुटलं आणि त्याचा हीर, म्हणजे पात्याच्या मधली काडी, सटकन माझ्या उजव्या डोळ्यात बसला.

उजवा डोळा म्हणजे माझा कामाचा डोळा. अक्षराची रेघ सरळ आहे का हे बघायला आम्ही डावा मिटतो आणि उजव्याने बघतो.

चार दिवस मी डोळ्याचं काहीच केलं नाही. पाण्याने धुतला, रुमाल बांधला आणि काम चालू ठेवलं. होडीच्या एका बाजूला नाव लिहून झालं होतं, दुसरी बाजू राहिली होती, आणि नारळी पौर्णिमा जवळ येत होती. आत खुपत होतं, उजेड सहन होत नव्हता, पण बोललो तर काम जाईल अशी भीती. पाचव्या दिवशी सकाळी मावशीने चहा दिला आणि तोंडाकडे बघत उभी राहिली.

“रे पेंटरा, तुज्या डोळ्यात ह्या पांढरा काय?”

मी म्हटलं, काही नाही, चिपाड असेल. तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, मासा ताजा आहे का बघताना वळवतात तसं. मग आत गेली, लुगडं बदललं आणि बाहेर आली. कुडाळची गाडी पकडायची म्हणाली. मी विचार करायला लागलो तर म्हणाली, विचार गाडीत बसून कर.

कुडाळचे डोळ्यांचे डॉक्टर वयस्क होते, हळू बोलणारे. त्यांनी डोळ्यात पिवळा रंग घातला, दिव्यासमोर हनुवटी टेकवायला लावली आणि बराच वेळ बघितलं. मी मनात आकडे मोजत होतो. साठच्या पुढे गेल्यावर घाबरलो, एवढा वेळ कोणी चांगल्या डोळ्याकडे बघत नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. बुबुळाच्या पुढे काचेसारखा पडदा असतो. त्याला जखम झाली आहे आणि त्या जखमेत बुरशी शिरली आहे. भिजलेल्या झावळीवर बुरशी असतेच, हिराबरोबर आत गेली. जखम वर आहे तोवर बरं. खाली उतरली तर काच पांढरी होईल, भोकही पडू शकतं.

मी म्हटलं, “डॉक्टर, इंजेक्शन द्या. दंडात द्या, जोराचं द्या.”

ते हसले नाहीत. म्हणाले, “दंडात दिलं तर रक्तात जाईल. त्या काचेत रक्त येतच नाही. म्हणून तर ती काच आहे. तिथं औषध पोचवायचं तर वरूनच, थेंबाथेंबाने.”

आणि थेंबाचंही त्यांनी समजावलं. डोळ्यात जागा थोडी. एक थेंबसुद्धा पुरता मावत नाही, निम्मा गालावर येतो. उरलेला पापण्या मिटल्या की नाकाकडच्या कोपऱ्यातल्या भोकातून घशात जातो. राहिलेलं अश्रू धुऊन नेतात. बाहेरचं बाहेर ठेवणं हे डोळ्याचं कामच आहे, तो औषध आणि कचरा असा भेद करत नाही. म्हणून एकदा घालून भागत नाही, तासातासाला घालायचं, म्हणजे थोडं थोडं आत झिरपत राहील.

औषध काचेच्या छोट्या बाटलीत होतं आणि रबरी फुग्याचा ड्रॉपर वेगळा. कंपाउंडरने बाटली हातात देताना भराभर चारपाच गोष्टी सांगितल्या. मी त्यातली एकही ऐकली नाही. मी ‘भोक पडू शकतं’ याच्यापाशीच होतो. मावशी ऐकत होती, पण त्याची घाईची, ऑफिसातली मराठी तिला निम्मीच लागली असेल. बाटलीवर इंग्रजीत बारीक अक्षरं होती. सुबक होती, ओळीत होती, एवढंच मला कळलं.

घरी आल्यावर मावशीने सगळं आपल्या हातात घेतलं. मासेमारी बंद होती, पाटी कोपऱ्यात पालथी पडलेली, तिला वेळ होता. घड्याळ घरात होतं पण ते बंद पडत असे. तिने तास ठरवले ते रस्त्यावरून. सकाळची पहिली एस्टी, मग दुधाची गाडी, मग शाळेची घंटा, मग मालवणहून येणारी गाडी. एस्टी उशिरा आली की मी अस्वस्थ व्हायचो, मावशी औषध चुकवते आहे असं वाटायचं. ती म्हणायची, गाडीच नाय इली तर तास कसो होतलो.

मी उंबऱ्यावर मान टेकून चटईवर आडवा व्हायचो. ती पितळीत हात धुवायची, साबणाने दोनदा, कारण मीठ आणि मासळीचा वास तिच्या हातातून जात नसे आणि तो माझ्या डोळ्यात जाईल याची तिला धास्ती. मग थेंब. गार, पाण्यासारखा. जराही झोंबायचं नाही, घशात चवही उतरायची नाही. मला बरं वाटायचं. डॉक्टर म्हणाले होते घशात जातं, माझ्या नाही जात, म्हणजे सगळं डोळ्यातच मुरतंय, असा मी हिशेब लावला होता.

बाकी वेळ मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचो. डावा डोळा झाकून उजव्याने तारखा वाचायच्या. पहिल्या दिवशी मोठे आकडे दिसले. तिसऱ्या दिवशी आठ आणि तीन सारखेच दिसायला लागले. मग मी दर अर्ध्या तासाने बघायला लागलो. खिडकीचा गज सरळ दिसतो का, दाराची चौकट दिसते का. मावशीने एकदा पकडलं.

“सारखो काय बघतंस त्या कॅलेंडराक? लगीन ठरला काय तुजा?”

आणि तिने कॅलेंडर उलटं करून भिंतीकडे तोंड करून लावलं. तिला वाटलं मी उगाच जिवाला लावून घेतोय. मी सांगितलं नाही की तीन आणि आठ एक झाले आहेत. सांगितलं तर ते खरं होईल असं वाटायचं. आईलाही सांगितलं नाही. बूथवरून फोन केला तेव्हा सगळं ठीक आहे म्हटलं, पाऊस लई आहे म्हटलं.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी बोलावलं होतं. आम्ही एस्टीत बसलो. मावशीच्या मांडीवर स्टीलचा पेला, पेल्यात तांदूळ, तांदळात ती बाटली उभी रोवलेली. रस्ता पावसाने उखडलेला. प्रत्येक खड्ड्याला ती दोन्ही हातांनी पेला उचलून धरायची, स्वतः आपटायची पण पेला हलू द्यायची नाही. समोरच्या बाकावरच्या बाईने विचारलं, त्यात काय आहे. मावशी म्हणाली, डोळो आसा ह्या पेंटराचो.

डॉक्टरांनी दिव्यातून बघितलं. या वेळी मी आकडे मोजले नाहीत, त्यांचा श्वास ऐकत होतो. ते मागे सरकले आणि चष्मा पुसायला लागले.

“वाढलंय,” ते म्हणाले. “औषध दर तासाला घातलं?”

मी होय म्हटलं. त्यांनी विचारलं, कोण घालतं. मी म्हटलं, मीच. का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. काहीतरी चुकलं आहे आणि ते मावशीवर येणार असं अंगातच कळलं असावं. पण मावशीला खोटं बोलणं पटलं नाही. ती पुढे झाली, मीच घालते म्हणाली, आणि पेल्यातून बाटली काढून त्यांच्या टेबलावर अलगद ठेवली.

डॉक्टरांनी ती उचलून खिडकीच्या उजेडात धरली. वर पाण्यासारखं निवळ, आणि तळाशी बोटभर पांढरा थर. घट्ट, चुन्याच्या निवळीखाली बसतो तसा.

“बाई, ही बाटली हलवत होता ना, घालायच्या आधी?”

मावशीचा चेहरा उजळला. निदान याबाबतीत तरी तिच्याकडे चोख उत्तर होतं.

“नाय हो डॉक्टरांनू. एकदा सुदिक हलाक दिवक नाय. आत्ता एस्टीत पण मांडयेर धरून हाडलंय.”

मावशी सांगत राहिली. तिच्या घरी खोबऱ्याचं तेल काढत. नारळाचा रस आटवायचा, तेल सुटलं की भांडं हलवायचं नाही, साका तळाशी बसू द्यायचा आणि वरचं निवळ तेवढं काढून घ्यायचं. विहिरीचं पाणी पावसात गढूळ येतं, तेही कळशीत रात्रभर ठेवायचं आणि वरचं घ्यायचं. लहान मुलाला द्यायचं असो की देवाला, खालचं ढवळायचं नाही. मग जखमी डोळ्यात ती तळाचा गाळ कशी घालणार होती? तिने ड्रॉपरचं टोक फक्त वर वर टेकवून निवळ तेवढं उचललं होतं, आठही दिवस, एकदाही न चुकता.

डॉक्टरांनी बाटलीचं बूच घट्ट केलं आणि ती जोरात हलवली. आतलं सगळं दुधासारखं पांढरं झालं.

“बाई, औषध हे आहे,” ते म्हणाले. “हे पाण्यात विरघळत नाही, नुसतं तरंगतं. ठेवलं की खाली बसतं. वरचं जे होतं, ते जवळजवळ पाणीच.”

मावशी त्या बाटलीकडे बघत राहिली. तिच्या तोंडावरून रंग गेला. आणि मला त्या क्षणी माझ्या रंगाचे डबे आठवले. माझ्या उस्तादाने पहिल्या दिवशी शिकवलेली पहिली गोष्ट: डबा उघडला की काडीने तळापासून ढवळायचं, मग ब्रश बुडवायचा. न ढवळता लावलं तर वरचं नुसतं तेल लागतं, रंग तळाशीच राहतो. दहा वर्षं मी रोज हेच करत होतो. बाटली माझ्या उशाशी होती, तिचा तळ पांढरा होता, आणि मी एकदाही तिच्याकडे नजर टाकली नाही. मी कॅलेंडरच बघत होतो.

हे मी डॉक्टरांना सांगितलं. मी पेंटर आहे, मला कळायला हवं होतं. ते म्हणाले, आता कोणाला काय कळायला हवं होतं ते राहू दे, आधी डोळा.

त्यांनी बधीर करायचे थेंब घातले आणि बारीक पात्याने जखमेवरची साल खरवडली. दुखलं नाही, पण आवाज जाणवला, अगदी बारीक. ते बोलत होते, मी हलू नये म्हणून असेल. काचेच्या पडद्याची वरची साल तेलकट असते, पाण्यातलं औषध तिच्यावरून घसरतं. तिच्या खालचा जाड थर पाण्याचा, तिथे तेलकट औषध अडतं. दोन्हींतून पार व्हायला फार थोड्या औषधांना जमतं. हे औषध तर जड, वरच्या वर बसणारं. म्हणून साल काढायची, म्हणजे ते जखमेत बसेल आणि तिथून आत झिरपेल. मला ते लगेच समजलं. जुना ऑइलपेंट पॉलिशपेपरने घासल्याशिवाय रंगाचा नवा हात लाकडात मुरत नाही. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या शिकलेल्या माणसाचं बोलणं मला पूर्ण समजलं होतं, आणि ते माझाच डोळा खरवडताना.

शेवटी त्यांनी मावशीलाच पुढे बोलावलं. मला वाटलं बोलणार तिला. त्यांनी बाटली तिच्या हातात दिली आणि म्हणाले, तुम्ही आठ दिवसांत एक तास चुकवला नाहीत, तसं करणारं माणूस मला दुसरं मिळणार नाही. फक्त आता हलवायची.

परतीच्या एस्टीत पेला मावशीने पिशवीत टाकला होता. बाटली मुठीत होती.

घरी आल्यावर मात्र तिने बाटली कोनाड्यात ठेवली आणि हात मागे घेतला. काकांना सगळं कळलं. ते म्हणाले, पोराला त्याच्या गावी धाडूया, आपल्या घरात डोळा गेला तर आयुष्यभर तोंड दाखवता येणार नाही. मावशी म्हणाली, बरोबर. मी विचारलं, आता औषध? ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, “माका सांगा नको. दुसऱ्या कोणाक तरी सांग. माज्या हातान आता नाय.”

मी स्वतः घालायचा प्रयत्न केला. बाटली हलवली, ड्रॉपर भरला, मान मागे टाकली. पहिला थेंब भुवईवर, दुसरा कानाकडे, तिसरा पापणीवर. पांढरा ओघळ गालावरून मानेत गेला आणि माझ्या लक्षात आलं की त्या बाटलीत थेंब मोजके आहेत आणि मी ते अंगावर सांडतोय. गावी जायचं तर दोन दिवसांचा प्रवास. दोन दिवसांत किती तास होतात ते मोजायला मला सातवी पुरेशी होती.

खरं सांगायचं तर माझ्या मनातही आलं होतं. हिच्यावर परत विसंबायचं? आठ दिवस गेले होते, आठ आणि तीन एक झाले होते, आणि एक चूक कळली म्हणजे दुसरी होणार नाही असं कोण सांगणार होतं? मी पडवीत बसून हाच विचार करत होतो. मग मालवणहून येणारी गाडी गेली. तिचा हॉर्न ऐकला आणि मी चटई घेतली, उंबऱ्यावर मान टेकली आणि डोळा उघडा ठेवून पडून राहिलो.

बराच वेळ नुसता चुलीचा आवाज. मग पितळीत पाणी ओतल्याचा, साबणाचा, एकदा, दोनदा. आणि मग बाटली हलवण्याचा. किती वेळ हलवली असेल कोण जाणे, मला वाटलं दुसरी गाडी येईल आता. थेंब पडला तो पहिल्यांदाच जड वाटला. डोळा झोंबला. घशात कडू उतरलं.

कडू लागल्यावर मी पुन्हा घाबरलो, सगळं घशात गेलं म्हणून. मावशीने माझ्या नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटाने दाबून धरला. तसं डॉक्टरांनी या खेपेला दाखवलं होतं, म्हणजे भोक बंद राहतं आणि औषध डोळ्यात थांबतं. मी ते विसरलो होतो, ती नव्हती. तिचं ते खरखरीत बोट तिथे दाबलेलं असायचं आणि ती हळूहळू शंभरापर्यंत मोजायची. साठ ते सत्तर यांच्यामध्ये ती नेहमी चुकायची. मी बोललो नाही, जास्तच दाबलं जात होतं.

पापण्यांवर पांढरी पूड सुकून बसायची. मला ती रंगासारखी वाटायची आणि बरं वाटायचं, कारण आता मला दिसत होतं की औषध आहे. पुढच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, वाढलेलं नाही. एवढंच. मी एस्टीत त्यांचे शब्द उलटसुलट करत होतो, वाढलं नाही म्हणजे कमी झालं का, की तेवढंच आहे. मावशीने बाटली हातात आडवी धरली होती, आणि गाडी खड्ड्यात आपटली की म्हणायची, “बरा झाला.” दुसऱ्या खड्ड्याला परत, “बरा झाला.” समोरच्या माणसाने वळून बघितलं. इतक्या दिवसांत मी तेव्हा पहिल्यांदा हसलो, आणि हसल्यावर डोळा दुखला.

त्याच्या पुढच्या वेळी जखमेच्या कडा बोथट झाल्या होत्या. मग थेंब दोन तासांवर गेले, मग चारवर. होडी तोवर समुद्रात गेली होती, एका बाजूला नाव आणि दुसऱ्या बाजूला कोरी. काकांना लोक विचारायचे, अर्धीच होडी रंगवलीस काय. ते म्हणायचे, अर्धी माझी, अर्धी पेंटराची. आणि मावशीची पाटी सुरू झाली तरी ती आधी माझा थेंब घालून जायची आणि बाजारातून धावत यायची. मासे विकायला बसलेली बाई मध्येच उठते म्हणून बाकीच्या तिला बोलायच्या, हे मला नंतर कळलं.

डोळ्यात फूल राहिलं, म्हणजे पांढरा डाग. पण कडेला, बुबुळाच्या मधोमध नाही. डॉक्टर म्हणाले, नशीब समज. सूर्य कलला की मला उजव्या बाजूला धुरकट दिसतं. तीन आणि आठ वेगळे दिसतात. डोळा बरा झाल्यावर मावशीने कॅलेंडर सुलटं केलं आणि मला वाचायला लावलं, महिना उलटून गेला होता ते तिच्याही लक्षात नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास होडीची दुसरी बाजू लिहिली. शेवटचं अक्षर किंचित खाली उतरलं. मला दिसलं. मावशी मागे उभी होती, तिने मान इकडे तिकडे करून बघितलं आणि म्हणाली, सरळ आसा. मी ते तसंच ठेवलं.

पुढे फ्लेक्स आले आणि पाट्या लिहिणारे कमी झाले. काम मिळेल तिकडे मी जात राहिलो. आता गावापासूनही लांब आहे आणि मालवणपासूनही. या पावसाळ्यात काकांचा फोन आला. मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तिला मासे ओळखता येतात, पण पैसे चाचपून घ्यावे लागतात. ऑपरेशन करून घे म्हटलं तर ऐकत नाही. ऑपरेशननंतर तासातासाला थेंब घालायला लागतात हे कळल्यापासून तर अजिबातच नाही. सून आहे, तिला घालू देशील का म्हटलं, तर नाही. काकांनी फोन तिच्याकडे दिला.

“माज्या डोळ्यात औषद घालूचा तर पेंटरान घालूचा,” ती म्हणाली. “बाटली कशी हलवतत ती तेका म्हायत आसा.”

आणि हसली. तिने ते चेष्टेत म्हटलं असेल. मी तसं घेतलेलं नाही. इथलं हातातलं काम संपलं की मी जाणार आहे, तिला एस्टीत बसवून कुडाळला नेणार आहे, आणि नंतर जितके दिवस लागतील तितके दिवस पडवीत राहून, साबणाने दोनदा हात धुऊन, प्रत्येक गाडीला तिच्या डोळ्यात थेंब घालणार आहे. नाकाजवळचा कोपरा दाबून शंभरापर्यंत मोजेन. साठ ते सत्तरच्या मध्ये चुकणार नाही. कधी जमेल ते आज सांगता येत नाही, पण मावशी, हे मी करणार आहे.